पेजेचा रंग

जन्नतनं चहाचा कप भिंतीला दिला.

दिला म्हणजे अगदी रीतीनं दिला. बशीखाली डावा हात, कपाच्या कानाला उजव्या हाताची दोन बोटं, मान किंचित वाकलेली. उभ्या जन्मात नवऱ्याला जसा दिला तसाच. "अवो, घ्या," असं ती भिंतीला म्हणाली, आणि भिंत हूं की चूं करीना तेव्हा, "कसला विचार चाललाय येवढा?" असं तिनं भिंतीला जरा लटक्या रागानं विचारलंही. बशीची कड भिंतीला टेकली. तो दाब तिला त्याच्या हाताचा वाटला असावा, कारण तिनं कप सोडून दिला. नझीर तिच्या उजवीकडे, नव्या सोफ्यावर, चांगला चार हातांवर बसला होता. तिचा आवाज ऐकून त्यानं सवयीनं हात पुढं केला होता, आणि कप फुटला तरी तो हात तसाच हवेत राहिला, बसच्या दांड्याला धरल्यासारखा. "मेला सटकला," जन्नत हसत म्हणाली. "हातच ओला होता." मग ती खाली बसून तुकडे चाचपायला लागली. चहा फिकट फरशीवरून सावकाश पसरत चालला होता. सगळ्या घरात तेवढाच एक रंग होता, आणि नझीर त्याच्याकडे बघत बसला. उठून तिचा हात धरावा, बोट कापेल म्हणावं, हे त्याला कळत होतं, पण कळणं आणि उठणं यांच्यामध्ये काहीतरी अडकून बसलं होतं. ज्या भिंतीला तिनं चहा दिला तिथं महिन्यापूर्वी त्याची लाल रेक्झिनची खुर्ची होती.

हे घर रत्नागिरीत ठाऊक नाही असा माणूस नव्हता, निदान नझीरच्या मोहल्ल्यात तरी नव्हता. नझीर कुवेतला एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होता आणि दर सुट्टीला येऊन एक खोली वाढवून जायचा. लोक सुट्टीवर येऊन मूल वाढवून जातात, नझीर दोन्ही करायचा. खोली बांधून व्हायची, प्लास्टर ओलं असतानाच सुट्टी संपायची, आणि मग तिकडून फोन: कुठला रंग देऊ? तो म्हणायचा, तुला आवडेल तो दे. मग जन्नतला जे आवडायचं ते असं की पुढच्या सुट्टीला दार उघडताच त्याचे डोळे दिपायचे. बैठकीची खोली निळी, नुसती निळी नव्हे, नीळ अख्खी डबीभर सांडल्यागत निळी. स्वयंपाकघर पोपटी. निजायची खोली दंतमंजनासारखी गुलाबी. पोरांची खोली हळदीची, मधली अरुंद वाट जांभळी, आणि मोरीला असा लाल की आत गेलेला माणूस तोंड धुऊन बाहेर आला तरी रागावलेला दिसावा. शेजारचा केरू शपथेवर सांगायचा की एकदा कलमाच्या झाडावरून एक रंग बदलणारा घोयरा खिडकीतून या घरात शिरला. निळ्या खोलीत निळा झाला, वाटेत जांभळा झाला, स्वयंपाकघरात हिरवा होतो न होतो तोच गुलाबी खोलीत पळाला, आणि मोरीच्या उंबऱ्यावर थकून मेला. "मेल्यावर कुठल्या रंगाचा होता?" कुणी विचारलं की केरू म्हणायचा, "ठरलाच नाय रे त्याचा. तसाच पुरला." नझीरही या गोष्टीला हसायचा. पण कुवेतहून कायमचा परत आल्यावर, सकाळ-दुपार-संध्याकाळ त्याच घरात राहायला लागल्यावर, त्याला हसू येईना. सुट्टीत माणूस घरी पाहुणा असतो, पाहुण्याला सगळं चालतं. आता त्याला वाटायचं, हे घर आपण बांधलं, पण आपल्याला न विचारता ते भलतंच काहीतरी बोलत बसलंय, आणि तेही सहा तोंडांनी.

त्यात अद्नानच्या लग्नाच्या बोलणीला मुंबईची माणसं आली. आलियाची, म्हणजे आता सून झालेल्या मुलीची मावशी, बाई गोड होती, पण जीभ सुरीची. घर बघून बैठकीत येऊन टेकली आणि म्हणाली, "नझीरभाई, एक विचारू? तुमच्याकडे एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत जाताना पासपोर्ट दाखवायला लागतो का?" सगळे हसले. नझीर सगळ्यात मोठ्यानं हसला. जन्नतही हसली, पण नवऱ्याच्या हसण्याकडे तिनं कान दिल्यासारखी मान तिरपी केली होती, हे त्याला आता आठवलं. लग्न पार पडलं, अद्नान आणि आलिया दोहाला गेली, पण तो पासपोर्ट नझीरच्या घशात अडकून राहिला. मग जन्नत डोळ्यांच्या ऑपरेशनला निदाकडे, लेकीकडे, मुंबईला गेली. मोतीबिंदू, असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा त्याच्या मनात आलं की नवे डोळे घेऊन ती परत येईल, तर त्या डोळ्यांना नवं घर दाखवावं. विनीत नावाचा एक मुलगा गावात घरं सजवून द्यायचा. तो हातात टॅब घेऊन आला, सगळ्या खोल्यांतून फिरला, आणि घसा खाकरून म्हणाला, "काका, इथे फ्लोच नाहीये. घर म्हणजे एक वाक्य असतं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना नजर अडखळता कामा नये." नझीरला ते वाक्य इतकं आवडलं की त्यानं ते मशिदीच्या कट्ट्यावर दोनदा, आणि केरूला एकदा ऐकवलं. विनीतनं एकच रंग काढला. इंग्रजीत त्याला काहीतरी दुधाचं नाव होतं, पण नझीरनं पाहताक्षणी ओळखला: पेजेचा रंग. वर आलेल्या निवळीचाही नाही, तळाच्या शिताचाही नाही, मधला. भिंती त्या रंगाच्या, दारं त्या रंगाची, दारांच्या चौकटी त्याच रंगाच्या, पडदे, सोफा, कपाटं, फरशीसुद्धा जवळपास तीच. लाल खुर्ची भंगारवाल्याच्या टेम्पोत चढली तेव्हा तिचे चारी पाय वर होते. नझीर दारात उभा राहून दमलेल्या पण सुखी माणसासारखा घाम पुसत होता. 

ती आली तो दिवसही आता त्याला पुन्हा, वेगळा, दिसायला लागला. रिक्षातून निदानं तिला हाताला धरून उतरवलं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा. त्यानं दारं सताड उघडी टाकली, सगळे दिवे लावले, आणि जत्रेतला गारुडी टोपली उघडतो तसा हात पसरून म्हणाला, "बघ!" ती उंबऱ्यात थांबली. फार वेळ थांबली. त्याला वाटलं, भारावली. निदा तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि मग जन्नत म्हणाली, "छान. सगला एकसारखा." तो म्हणाला, "चष्मा काढून बघ की." तिनं चष्मा काढला आणि डोळे नीट त्याच्या तोंडाकडे लावून हसली. म्हणजे त्याच्या तोंडाकडे नव्हे, त्याच्या आवाजाकडे. हे त्याला तेव्हा का दिसलं नाही? निदा दोन दिवसांनी गेली. जाताना दारात वळून म्हणाली, "अब्बा, अम्माला जरा सांभाळा हां," आणि तिचे डोळे भरलेले होते. लेकी जाताना रडतातच, असं समजून त्यानं तिच्या पिशवीत आंबोशी भरून दिली.

तेव्हापासूनच्या सगळ्या बारीकसारीक गोष्टी आता, फुटलेल्या कपाभोवती, मुंग्यांसारख्या गोळा झाल्या. ती हल्ली भिंतीला धरून चालते. त्याला वाटायचं, नवा गुळगुळीत रंग हाताला बरा वाटतो. ती मोरीत जायला निघायची आणि पोरांच्या खोलीत सापडायची. म्हणायची, अद्नानची आठवण आली. आठवण! एकदा ती मधल्या वाटेत नुसतीच उभी होती, दोन्ही हात जरा पुढं, आणि त्यानं विचारलं तर म्हणाली, "वारा बरा येतोय." तिथं वारा येत नाही. तिथं खिडकीच नाही. ती वाट त्यानं स्वतः बांधली होती आणि तिथं खिडकी ठेवायला तो विसरला होता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याला कुवेतचा कॅम्प आठवला. लांबच लांब बोळ, दोन्ही अंगांना राखाडी दारं, आत राखाडी पलंग, पलंगांवर एकाच गठ्ठ्यातल्या राखाडी गोधड्या. पहिल्या आठवड्यात पाळी संपवून येताना तो भलत्याच खोलीत शिरला, बूट काढले, आणि एका केरळच्या माणसाच्या अंगावर जाऊन आडवा झाला. तो माणूस किंचाळला, सगळा बोळ हसायला जमला, आणि नझीर पायांत एकच बूट घालून बोळात उभा राहिला. आपली खोली कुठली, हे त्याला खरोखरच सांगता येईना. त्या क्षणी पायांखाली जे झालं होतं, जमीन आहे पण आपली नाही असं, ते त्याला इतकं लख्ख आठवलं की त्यानं सोफ्याची कड धरली. दुसऱ्या दिवशी त्यानं जन्नतच्या जुन्या ओढणीची चिंधी, पोपटी, दाराच्या कडीला बांधली. पुढं कित्येक वर्षं तो त्या चिंधीकडे बघत बोळातून चालत आला. आणि त्याच माणसानं, याच हातांनी, घरातल्या सगळ्या चिंध्या खरवडून काढल्या.

दुपारी ती स्वयंपाकघरात बांगडे साफ करायला बसली होती. तो जाऊन पाटावर टेकला. विळीवर मासा तिच्या हातात असा सरसर फिरत होता की त्याला क्षणभर वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय, दिसतं हिला.

"आपला हा स्वैपाकघर आधी कसला होता गो?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पोपटी. कच्च्या कैरीसारखा." तिनं कल्ले ओढून काढले. "का ओ?"

"असाच."

"असाच कोण विचारत नाय."

त्यानं पाट जरा पुढं सरकवला. मग म्हणाला, "सकाळी चहा भिंतीला दिलास."

विळीवरचा हात थांबला.  मग ती हसली, अगदी खरं हसली. "प्याली काय भिंत?"

"जन्नत."

"मासा हाताला दिसतो," ती म्हणाली, आणि पुन्हा कापायला लागली. "भिंत नाय दिसत. मोतीबिंदू काढला त्यांनी, पण मागची शीरच सुकली म्हणाले. काचबिंदू. लय जुना. निदाला मीच शपथ घातली होती, तिच्यावर रागावू नका."

"जुना म्हणजे?"

"अद्नानच्या वेळेला दिव्याभवती कडी दिसायला लागली ना, तवाचा." ती हे अशा सुरात सांगत होती जसं कुणी माडावरचे नारळ कधी उतरवले ते सांगावं. "माझ्या आयशीचे डोळे असेच गेले. तिचा घर तुमाला ठाऊक हाय, दर ईदला चुना काढून पांढराफेक. म्हातारी त्यात अशी फिरायची, दुधात पडलेल्या मुंगीसारखी. मग मी पोरीनं दारांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधल्या. लाल ती मोरी, हिरवी ती चूल. तवा कुठं ती बया सरळ चालायला लागली. माझी कडी दिसायला लागली तवा आपला घर वर येतच होता. मी म्हटला, आता आपणच आगोट भरून ठेवू."

आगोट. पावसाच्या आधी घरात भरून ठेवायची ती लाकडं, ते मीठ, ती सुकी मच्छी. ही बाई पाऊस यायच्या कितीतरी वर्षं आधी रंग भरत बसली होती. निळा, पोपटी, गुलाबी, जांभळा, एकेक सुट्टी, एकेक खोली. आणि तो तिकडून फोनवर म्हणत होता, तुला आवडेल तो दे.

"डॉक्टरला दाखवायचं नाय?" तो ओरडला. ओरडायला त्याला दुसरं काही सापडेना.

"दाखवला. त्यानं थेंब दिलेन. जन्मभर घालायचे. घालायची मी." तिनं दुसरा बांगडा घेतला. "तुमी सुट्टीवर आलात की तेवढे बंद ठेवायची. म्हटला, दिसले तर विचारणार, विचारला तर सांगावा लागणार. चार दिवस येतो माणूस, त्याची सुट्टी कशाला खराब करा?"

नझीरनं किती सुट्ट्या काढल्या होत्या! भांडून, हातापाया पडून, एकदा तर बाप मेल्याची खोटी तार दाखवून काढलेली जादा सुट्टी. प्रत्येक सुट्टीत तो इथं बसून कोंबडी खात होता, आणि आत कुठंतरी, डब्यांच्या मागं, ती बाटली बंद पडून होती. त्याला वाटलं, आता हिनं आपल्याला शिव्या द्याव्यात. तोंडावर मासा फेकून मारावा. त्यानं तसा चेहरासुद्धा पुढं केला.

"पण घर छान झालाय हां," ती म्हणाली. "निदा म्हणत होती, फोटोतल्यासारखा."

"आता काय दिसतं तुला?"

"रंग दिसतात की," ती पटकन म्हणाली. "ठळक असला की दिसतो. तेवढा राहिलाय."

तेवढा राहिलाय, एवढे दोनच शब्द घेऊन नझीर उठला. त्यानं विनीतला फोन लावला. जुने सगळे रंग परत मारायचेत, आजच्या आज. विनीतला आधी गंमत वाटली, मग काळजी. "काका, थीमचं वाटोळं होईल. आणि जुने म्हणजे नक्की कुठले?" नझीर सांगायला गेला आणि थांबला. निळा, म्हणजे किती निळा? पोरांची खोली हळदीची, की लिंबाची? त्यानं डोळे मिटून घर आठवायचा प्रयत्न केला आणि डोळ्यांपुढं एकच रंग आला, पातळ, गिळगिळीत, मधला. घर त्यानं बांधलं होतं; बघत ती आली होती. "काका? हॅलो?" विनीत म्हणत राहिला. नझीरनं फोन खिशात टाकला तरी खिशातून तो म्हणतच होता.

तो चपला सरकवून थेट मिरकरवाड्याला गेला. जेटीवर बर्फाचे गाडे, जाळ्यांचे ढीग, आणि बोटी. त्यानं आयुष्यभर पाहिलेल्या बोटी त्याला आज पहिल्यांदा दिसल्या: भगव्या, पिवळ्या, हिरव्या, एकीचं दुसरीशी काही म्हणजे काही जमत नव्हतं, आणि संध्याकाळी येताना प्रत्येक बायको आपली बोट लांबून ओळखत होती. बोटींच्या सामानाच्या दुकानात दादू गल्ल्यावर बसला होता, नझीरचा शाळेपासूनचा दोस्त.

"नझीरभाय! होडी कधी घेतलास?"

"घराला लावायचाय. सगळ्यात भडक दे. पोपटी दे."

"घर समुद्रात ढकलतोस की काय? पोपटी संपला. भगवा हाय, बघ. धुक्यात दोन मैलांवरनं दिसतो. आंधळ्यालाबी दिसेल!" असं म्हणून दादूनं डब्यावर थाप मारली, आणि नझीरचा चेहरा बघून त्यानं काही न कळताच डबा पुढं सरकवला. "ने," म्हणाला, "ब्रश माझ्याकडनं."

जन्नत दुपारची पडली होती. नझीरनं स्वयंपाकघराच्या चौकटीला रंग लावायला घेतला. रंग ओघळत होता, पेजेच्या रंगाच्या भिंतीवर भगवे ओहोळ उतरत होते, आणि एक ओहोळ उतरला की त्याला बरं वाटत होतं. विनीतनं पाहिलं असतं तर बेशुद्ध पडला असता. दोन मैलांवरनं, नझीर मनाशी म्हणत होता, दोन मैलांवरनं दिसतो, इथं तर दहा पावलंसुद्धा नाहीत. उठल्यावर तिला सांगायचं: पोपटी विसर, आजपासून भगवी ती चूल. उद्या मोरीला पिवळा आणू. परवा आणखी कुठला. पायांखालची ती कॅम्पातली जमीन जराशी स्थिर झाल्यासारखी वाटली. मागं पावलांचा आवाज आला. ती मधल्या वाटेच्या तोंडाशी उभी होती, केस विस्कटलेले, एक हात भिंतीवर. तिनं मान वर केली. तो सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिचा चेहरा फुलला.

"अय्या!" ती म्हणाली. "अवो, पोपटी केलात? अगदी आपला जुना पोपटी!"

ब्रशवरून एक भगवा थेंब नझीरच्या पायावर पडला. त्यानं चौकटीकडे पाहिलं. चौकट पेटल्यासारखी भगवी होती. त्यानं तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, ते चौकटीच्या जरा डावीकडे, काहीच नसलेल्या जागी लागलेले होते, आणि ओठ कौतुकानं हसत होते. मग त्याला तिच्या नाकपुड्या दिसल्या. फुललेल्या. ओल्या रंगाचा आणि टर्पेंटाइनचा उग्र वास सगळ्या वाटेत भरला होता.

"दिसतोय ना?" त्यानं विचारलं. आवाज त्याचा नव्हताच.

"दिसतोय म्हणजे! लख्ख."

"हो," नझीर म्हणाला. "पोपटीच. मुद्दाम मागवला."

तिनं भिंतीवरचा हात काढला. वासाच्या मागोमाग, सरळ, ताठ, चौकटीला पदरसुद्धा न लागू देता ती आत गेली, आणि आतून भांड्याचा आवाज आला. चहा ठेवत होती. नझीर ब्रश धरून उभा राहिला. बोटीचा रंग. सुकायला फार तर दोन दिवस, मग वास संपला.

हे तो कसं निभावणार, असं कुणालाही वाटेल. पण मोहल्ल्यात जाऊन बघा. नझीर आठवड्यातून तीनदा ती चौकट रंगवतो. दादूकडे पोपटी आला, पिवळा आला, तरी तो भगवाच नेतो, कारण आता काय फरक पडतो. मोरीच्या चौकटीला डांबर फासतो, निजायच्या खोलीला बोटीचं तेल चोपडतो, आणि सगळ्या घराला मिरकरवाड्याच्या जेटीसारखा वास येतो. विनीत एकदा येऊन गेला, दारातूनच परतला. केरू सांगतो की थरांवर थर चढून चौकट अशी जाडजूड झालीय की घोयऱ्याची अख्खी वंशावळ तिच्यात पुरता येईल. केरूचं निम्मं सोडून द्या. पण स्वयंपाकघराचं दार आता लागत नाही, हे खरं आहे. दर वेळी रंगवून झालं की नझीर ओला ब्रश मागं लपवून विचारतो, "कसला दिसतो आज?" आणि ती क्षणभर थांबून, नाक जरासं वर करून, कधी म्हणते जांभळा, कधी म्हणते निळा, कधी म्हणते ऊन पडल्यावर कैरीची पानं दिसतात ना, तसला. आणि तो म्हणतो, हो, तसलाच.